चारचौघांतली खरडपट्टी नेमकी कुणासाठी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम सुरू झाला, की क्रीडापानावर आणि त्याहून जास्त मोबाइलवर एक प्रकार हमखास दिसतो. संघ हरतो आणि प्रशिक्षक एका खेळाडूचे नाव घेऊन जाहीरपणे सांगतात, की याच्यामुळे हरलो. कधी वार्ताहराला, कधी टाइम-आउटमध्ये थेट प्रक्षेपणाच्या माइकसमोर, कधी पालकही असलेल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. का, असे विचारले तर उत्तर तयार असते: ‘लागलं पाहिजे त्याला. त्याशिवाय सुधारणार नाही.’ पुण्यात महाविद्यालयीन आणि विद्यापीठ संघांबरोबर काम करणाऱ्या आम्हा काही प्रशिक्षकांना हे उत्तर पटत नाही. का पटत नाही, ते भावनेच्या नव्हे, मैदानाच्या हिशेबाने मांडावे म्हणून हे पत्र.

आधी एक कबूल करायला हवे. झापल्यावर खेळाडू सुधारतो, हे प्रशिक्षकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते, म्हणून तर ही समजूत इतकी चिवट आहे. घोटाळा पाहण्यात नाही, त्याचा अर्थ लावण्यात आहे. कबड्डीतला एखादा चढाईपटू सामन्याला सरासरी ८ गुण आणतो असे धरा. कधी १२, कधी ४, असे खालीवर चालूच असते. ज्या दिवशी तो ३ गुणांवर अडकतो, त्या दिवशी त्याला फैलावर घेतले जाते. पुढच्या सामन्यात तो ७ किंवा ८ गुण आणतो, कारण ती त्याची नेहमीची पातळीच आहे. कुणी एक शब्द बोलले नसते तरी त्याने साधारण तेवढेच आणले असते. उलट ज्या दिवशी तो १३ गुण आणतो, त्या दिवशी त्याची पाठ थोपटली जाते आणि पुढच्या सामन्यात तो पुन्हा आठवर येतो. प्रशिक्षकाच्या मनात मात्र दोन नोंदी पक्क्या होतात: रागावलो तर वर येतो, कौतुक केले तर डोक्यावर बसतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांना इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांशी बोलताना हाच गैरसमज आढळला होता. वैमानिकाने विमान वाईट उतरवले की ओरडायचे, मग पुढच्या वेळी ते बरे उतरते, असा त्या प्रशिक्षकांचा ठाम दावा होता. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. ते ओरडल्यावरही घडते आणि गप्प राहिल्यावरही.

ज्याला हे पटत नाही, त्याने एक हंगाम वही ठेवून पाहावी. प्रत्येक सामन्यात खेळाडूचे आकडे लिहायचे. कबड्डीत यशस्वी चढाया, रिकाम्या चढाया, यशस्वी आणि फसलेल्या पकडी. व्हॉलीबॉलमध्ये चांगली आणि चुकलेली रिसेप्शन, सर्व्हिसच्या चुका. खराब सामन्यापुढे एक खूण करायची: सर्वांसमोर बोललो, एकट्याशी बोललो, किंवा काहीच बोललो नाही. हंगामाच्या शेवटी प्रत्येक खुणेनंतरचा पुढचा सामना काढून तिन्ही ढीग शेजारी ठेवायचे. एका संघाच्या एका हंगामातून शास्त्र सिद्ध होत नाही, हे खरे. पण ‘मी झापलं म्हणून सुधारला’ हे वाक्य त्यानंतर तितक्या सहज तोंडातून निघत नाही.

अभिप्रायाचा परिणाम काय होतो, यावरचे शेकडो निष्कर्ष क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये एकत्र तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा कामगिरी आधीपेक्षा घसरली होती. त्यांनी लावलेली संगती आम्हाला मैदानावर रोज दिसते. लक्ष कामावरून उडून ‘माझी काय लायकी आहे’ या प्रश्नावर गेले, की अभिप्राय उलटतो. जाहीर टीका नेमके हेच करते. तिच्यात ‘डावा पाय मागे राहिला’ हे फारसे येत नाही, ‘तुला खेळायची इच्छाच नाही’ हेच येते.

आता मैदानावरचा मुद्दा. जाहीर टीका बहुधा चुकीच्या माणसावर होते, कारण ती जिथे चूक दिसली तिथे केली जाते, जिथे चूक घडली तिथे नाही.

चार गुणिले शंभर मीटर रिले घ्या. बॅटन पडली, की ज्याच्या हातून पडली त्याच्यावर खापर. पण बालेवाडीच्या किंवा सणस मैदानाच्या ट्रॅकवर रिलेचा सराव नीट पाहिला, तर या घोळाचे मूळ बहुधा चिकटपट्टीच्या खुणेत सापडेल. घेणारा धावक ट्रॅकवर मागच्या बाजूला, बुटाच्या लांबीने मोजून साधारण वीस ते अठ्ठावीस पावलांवर, एक खूण लावतो. देणारा त्या खुणेवर आला, की घेणाऱ्याने मागे न बघता सुटायचे. बदलीचा पट्टा आता ३० मीटरचा आहे आणि बॅटन त्याच्या आत हातात गेली पाहिजे. सरावात काय होते, तर देणारा फक्त पन्नास-साठ मीटर पळून येतो, म्हणजे ताज्या वेगात येतो, आणि घेणारा अर्ध्या जोशात सुटतो. खूण त्या वेगावर ठरते. स्पर्धेत देणारा शंभराहून जास्त मीटर पळून थकत आलेला असतो आणि घेणारा बंदुकीच्या आवाजाने पेटलेला. दोघांतले अंतर मिटत नाही, घेणारा घाबरून मागे बघतो किंवा हात हलवतो, आणि बॅटन पडते. उपाय दोन आहेत. सरावात निदान काही बदल्या पूर्ण अंतर पळून, स्पर्धेच्याच वेगात करायच्या. आणि अंतर मिटत नसेल तर खूण एक-दोन पावले जवळ आणायची. दोन्ही कामे प्रशिक्षकाची. पण कॅमेऱ्यासमोर नाव घेतले जाते तिसऱ्या धावकाचे.

कबड्डीतही तेच. पकड फसली की डाव्या कोपऱ्यातल्या बचावपटूवर ओरडतात. बऱ्याचदा कोपऱ्याने घोटा वेळेवर धरलेला असतो, साखळीतला शेजारी अर्धा सेकंद उशिरा येतो आणि चढाईपटू ओढत मध्यरेषेपर्यंत जातो. गॅलरीला दिसते ते सुटलेला हात. खो-खोमध्ये बसलेला खेळाडू उशिरा उठला असे वाटते, पण खो देणाऱ्याने आवाज आधी आणि स्पर्श नंतर केलेला असतो.

टीका खऱ्या दोषीवर झाली, असे घटकाभर मानू. मग पुढच्या सामन्यात काय होते? ज्याचा जाहीर पाणउतारा झाला, तो चूक टाळायला खेळतो. तो वाईट खेळत नाही, तो सुरक्षित खेळतो, आणि कबड्डीत सुरक्षित खेळणे फार महाग पडते. असा चढाईपटू ‘निदान रेषा’ (चढाई वैध ठरायला ओलांडावी लागणारी रेषा) ओलांडून चढाई वैध करतो, हात न घालता परत येतो. पकडला गेला नाही, म्हणून ओरडा नाही. दुसरी चढाईही तशीच. आता संघाची तिसरी चढाई ‘करो या मरो’ होते, म्हणजे गुण आणला नाही तर तो बाद. समोरच्या बचावाला माहीत असते, की याला आत यावेच लागणार. ते पाय रोवून थांबतात. दोन रिकाम्या चढायांत त्याने वाचवलेली इज्जत तिसऱ्या चढाईत गुणासह जाते, आणि बाहेरून पुन्हा आवाज येतो. बचावात हेच कोपऱ्याचे होते. एकट्याने घोटा धरायला तो धजत नाही, साखळीची वाट बघतो, तोपर्यंत बोनस देऊन बसतो. रिकाम्या चढाया वाढल्या की त्या खेळाडूला गेल्या आठवड्यात कोण काय बोलले, हे आधी विचारावे.

काही खेळाडू टोचून बोलल्यावर पेटतात हे आम्हाला मान्य आहे. पण कुठे पेटतात ते बघा. रागाने जोर वाढतो, नेम वाढत नाही. लांब पल्ल्याच्या शेवटच्या फेरीत, डेडलिफ्टच्या शेवटच्या वजनाला कदाचित उपयोग होत असेल. व्हॉलीबॉलची रिसेप्शन, फ्री थ्रो, धनुर्विद्या, नेमबाजी यांत हात ताठ होतो. पाहणारे जमले की पक्के बसलेले कौशल्य खुलते आणि कच्चे कौशल्य बिघडते, हे रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये मांडले होते. महाविद्यालयात येणाऱ्या मुलांचे निम्मे तंत्र अजून कच्चेच असते. ते शिकायलाच तर ती आलेली असतात.

सगळ्यात मोठे नुकसान गुणफलकावर दिसत नाही. खेळाडू माहिती द्यायची बंद करतो. हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) ओढल्यासारखी वाटते, असे सराव सुरू व्हायच्या आधी सांगणारा धावक पुढे काहीच सांगत नाही, कारण ‘नाटकं करतो’ हे वाक्य त्याने दुसऱ्याबद्दल सर्वांसमोर ऐकलेले असते. जी ओढ चार-सहा दिवसांच्या हलक्या सरावाने उतरली असती, ती स्टार्टमध्ये फाटते आणि पाच-सहा आठवडे जातात. आंतरमहाविद्यालयीन, आंतरविभागीय, मग पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ, अशा लागून येणाऱ्या वेळापत्रकात पाच आठवडे म्हणजे हंगाम.

वजनाबद्दल तर आम्ही कोणतीही सवलत मानत नाही. मुलींच्या संघात वजन सर्वांसमोर मोजणे, आकडा मोठ्याने वाचणे, ‘मेस जास्त लागलीय वाटतं’ अशी कोपरखळी मारणे, हे सर्रास चालते. खाणे तोडून सराव तसाच ठेवला, की शरीराला लागणारी ऊर्जा कमी पडते. पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे ठिसूळ होतात, नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला रेड-एस असे नाव दिले आणि ती पुरुष खेळाडूंनाही होते हे नोंदवले. वजनगटाच्या खेळात वजन मोजावे लागतेच. ते पडद्याआड, शक्यतो शिक्षिकेने किंवा फिजिओने मोजावे, आकडा त्या खेळाडूच्याच वहीत जावा, आणि बाकी खेळांत ते मोजायचेच कशाला, हा प्रश्न आधी विचारावा.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे तालमीचा. वस्तादाच्या शिव्या खाऊनच पैलवान घडले, तेव्हा कुठे कुणाचे मन दुखावत होते? पुण्यातल्या पेठांमधल्या जुन्या तालमींचा दाखला देणाऱ्यांनी त्यातली व्यवस्थाही पाहावी. वस्ताद बोलतो ते हौद्यात, लाल मातीवर, तालमीच्या दाराच्या आत. ऐकणारे तिथेच घाम गाळणारे, उद्या त्यांचीही पाळी असते. ज्याने शिवी दिली तोच संध्याकाळी थंडाई घेतली का, दूध पोहोचले का, हे विचारतो. आणि फडात पठ्ठा चीतपट झाला, तर लोकांसमोर वस्ताद त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेर काढतो. तालमीतली शिवी उचलायची आणि तो खांद्यावरचा हात सोडून द्यायचा, हे परंपरेच्या नावावर चालणार नाही. (तालमीतले सगळेच घेण्यासारखे आहे, असेही आम्ही म्हणत नाही.)

दुसरा दाखला अमेरिकेचा दिला जातो. इंडियाना विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक बॉब नाइट तापट होते आणि त्यांनी तीन राष्ट्रीय विजेतीपदे मिळवली, हे खरे. २००० मध्ये विद्यापीठाने त्यांना वर्तनावरून काढून टाकले, हेही खरे. २०१३ मध्ये रटगर्स विद्यापीठाच्या माइक राइस यांची नोकरी सरावातली शिवीगाळ दाखवणारी चित्रफीत बाहेर आल्यावर गेली. त्याच देशात यूसीएलए विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन यांनी बारा वर्षांत दहा विजेतीपदे मिळवली. त्यांच्या शेवटच्या हंगामात, १९७४-७५ मध्ये, दोन मानसशास्त्रज्ञ सरावाला बसून त्यांचे प्रत्येक बोलणे नोंदवत होते. सुमारे तीन चतुर्थांश बोलणे निव्वळ सूचनांचे निघाले: काय करायचे, कसे करायचे. कौतुक थोडे, रागावणेही थोडे, आणि रागावले तरी त्याच दमात बरोबर कसे करायचे ते सांगितलेले.

मग इतके सगळे असूनही जाहीर टीका का होते? आमचे मत स्पष्ट आहे. ती खेळाडूला उद्देशून नसतेच. ती प्राचार्यांना, संस्थाचालकांना, निवड समितीला आणि पालकांना उद्देशून असते: माझे चुकले नाही, याचे चुकले. बरेच प्रशिक्षक हंगामापुरत्या मानधनावर असतात आणि पुढच्या वर्षीचे बोलावणे पदकावर ठरते. हरल्यावर स्वतःचा बचाव करायला त्यांच्याकडे दुसरी जागाच नसते. हे आम्ही त्यांची बाजू घ्यायला सांगत नाही, दुखणे कुठे आहे ते कळावे म्हणून सांगतो. व्यावसायिक लीगमधल्या खेळाडूला करार असतो, मानधन असते, आणि उत्तर द्यायला स्वतःचे व्यासपीठ असते. महाविद्यालयीन खेळाडूला प्रवासभत्ता आणि ट्रॅकसूट मिळतो. बीड-सोलापूरहून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या मुलाची क्लिप संध्याकाळपर्यंत त्याच्या गावात पोहोचलेली असते. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणावर डोळा ठेवून तो इथे आलेला असतो. त्याच्या घरच्यांना स्पर्धेतला गुणफलक कळत नाही, पण ‘तुमच्या पोरामुळं हरले’ हे कळते.

टीका करूच नये, असे आमचे म्हणणे अजिबात नाही. गोड बोलून संघ घडत नाही, आणि चुकीवर पांघरूण घालणारा प्रशिक्षक झापणाऱ्याइतकाच निरुपयोगी. प्रश्न जागेचा आणि वेळेचा आहे.

सामन्यादरम्यान कबड्डीत प्रत्येक अर्ध्यात ३० सेकंदांचे दोन टाइम-आउट मिळतात, व्हॉलीबॉलमध्ये प्रत्येक सेटला तेवढेच. पहिली दहा सेकंदे पाणी आणि श्वास. उरलेल्या वीस सेकंदांत दोन वाक्यांपेक्षा जास्त डोक्यात शिरत नाही: एक बचावाला, एक चढाईपटूला. ‘त्यांचा पाच नंबर उजवीकडे वळतो, कोपऱ्यानं थांबायचं’ ही सूचना झाली. ‘काय करताय तुम्ही?’ ही सूचना नाही. त्यात वीस सेकंदे जातात आणि खेळाडू होता तिथेच परत जातो.

सामना संपल्यावर त्या दिवशी वैयक्तिक चुकांवर बोलू नये. दुखापत विचारावी, बर्फ लावावा, खायला घालावे, बस किती वाजता ते सांगावे. दुसऱ्या दिवशी सरावाआधी दहा मिनिटे काढावीत. मोबाइलवर त्या खेळाडूच्या दोन-तीन क्लिप, त्यातली एक चांगल्या खेळाची. आधी त्याला विचारावे, तुला काय दिसते. बहुतेक वेळा तो चूक स्वतःच सांगतो, कधीकधी आपल्याला न दिसलेली सांगतो (साखळी उशिरा आली, हे अशाच वेळी कळते). मग एकच दुरुस्ती, आणि ती किती वेळा करायची ते आकड्यात: घोट्याच्या पकडी वीस, दोन्ही बाजूंनी, पुढची तीन सत्रे, शनिवारी पुन्हा बघू. दुरुस्त्या तीन दिल्या की एकही होत नाही.

एकट्याशी बोलायचे म्हणजे बंद खोलीत बोलायचे नव्हे. मैदानाच्या कोपऱ्यात, जिथे बाकीच्यांना दिसेल पण ऐकू येणार नाही, तिथे. मुलींशी बोलताना हे विशेष पाळावे.

शिस्तीचे वेगळे. पंचांशी हुज्जत, प्रतिस्पर्ध्यावर हात उगारणे, न सांगता सरावाला दांडी, यावरची कारवाई संघाला कळलीच पाहिजे, नाहीतर नियम सगळ्यांना सारखे नाहीत असे वाटते. पण नियम हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात लिहून दिलेले असावेत आणि जाहीर व्हावा तो फक्त निर्णय: दोन सामने बाहेर. त्याला विशेषणे लावायची गरज नाही. मेहनत कमी पडते ही तक्रारही अशीच आकड्यावर आणावी: हजेरी, तीस मीटरची वेळ. ‘इच्छाशक्ती नाही’ हे कोणत्याही घड्याळात मोजता येत नाही.

महाविद्यालयांना एक सुचवतो. प्रत्येक स्पर्धेनंतर प्रशिक्षकाकडून क्रीडा संचालकांनी अर्ध्या पानाचा लेखी अहवाल घ्यावा: कुठे कमी पडलो, त्यात सरावाचा वाटा किती, निवडीचा किती, पुढच्या तीन आठवड्यांत काय बदलणार. पुढच्या वर्षीचे मानधन ठरवताना पदकांबरोबर हा कागदही पुढ्यात घ्यावा. प्रशिक्षकाला बाजू मांडायची अशी जागा मिळाली, की मैदानावर बाजू मांडायची निकड कमी होते. आणि सगळे करूनही कुणी सुधारत नसेल, तर प्रत्येक महाविद्यालयात असायलाच हवी अशी विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. तिच्या सदस्यांची नावे आणि संपर्क जिमखान्याच्या फलकावर लावावेत, खेळाडूंना ते शोधावे लागू नयेत.

शेवटी आपल्या क्रीडा प्रतिनिधींना विनंती. ‘शेवटच्या चढाईत अमुकची पकड झाली’ ही बातमी आहे, ती नावासकट छापावी, खेळाडूला त्यात कमीपणा नाही. ‘अमुकमुळे हरलो, प्रशिक्षकांचा संताप’ हे प्रशिक्षकाचे मत आहे. ते छापायचेच असेल तर प्रशिक्षकाच्या नावाने छापावे, खेळाडूचे नाव मथळ्यात घेऊ नये, आणि त्या खेळाडूला उत्तर द्यायचे आहे का, हे छापण्याआधी विचारावे. अकरावी-बारावीच्या संघांतली मुले बहुतेक अठरा वर्षांखालची असतात. त्यांच्या बाबतीत असे नाव छापूच नये.

आपले,
महाविद्यालयीन व विद्यापीठ संघांचे काही प्रशिक्षक, पुणे